फिरतीवरून परतलेल्या माणसाचं काय करायचं? परिविक्षा कार्यालयांसाठी एक कामचलाऊ पद्धत

दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर मला तो फोन आला. बोट धक्क्याला लागत होती. लोखंडी रॅम्प खडाडकन आदळला आणि त्याच क्षणी पलीकडून पोलीसपाटील म्हणाले, "मॅडम, तो पोर गेला." सतरा वर्षांचा होता. चोरीच्या प्रकरणात बाल न्याय मंडळानं त्याला आईच्या ताब्यात आणि परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणून माझ्या देखरेखीखाली सोडलं होतं. त्याच्या घरच्या परिस्थितीचा, मंडळाला दिलेला सामाजिक तपासणी अहवाल माझाच. दर दुसऱ्या सोमवारी हजेरीला यायचा आणि येताना वर्तमानपत्राच्या कागदात आईनं दिलेली आमसुलं आणायचा. घेऊ नयेत हे मला कळत होतं, तरी एकदा घेतली होती.

कार्यालयातून मला एकच विचारणा झाली, "केस मुदतीआधी बंद होते आहे, समाप्ती अहवाल कधी देताय?" मी दिला. तीन आठवड्यांनी त्याच बोटीचा रॅम्प तसाच आदळला आणि मी कठडा असा धरला की मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला तरी हात सुटेना.

तेव्हा वाटलं, आपणच कच्चे. आता वाटतं, कच्ची होती ती कार्यालयाची पद्धत. आवक-जावक टपालाला नोंदवही होती, टीए (प्रवासभत्ता) बिलाला होती, दौऱ्याला दैनंदिनी होती. माणसाच्या अंगावर काय येतंय याला कुठेच रकाना नव्हता. वर्षातून एकदा तणावमुक्ती शिबिर व्हायचं, त्यात आम्ही डोळे मिटून बसायचो आणि मोबाईल थरथरला की उघडायचो. शिबिरावर माझा राग नाही. पण ताण कामाच्या रचनेतून येत असेल तर उपायही रचनेतच घालावा लागतो: वेळापत्रकात, वाटपात, कोण काय लिहिणार यात. पुढे सांगते ते त्याच अंगानं.

हे कोणासाठी? १९५८ च्या अपराधी परिविक्षा कायद्याखाली काम करणारे परिविक्षा अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्षातले विधी तथा परिविक्षा अधिकारी आणि समुपदेशक, जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटनांच्या निरीक्षणगृहातले काळजीवाहक, आणि या सगळ्यांचे साहेब. मुख्यतः साहेबच. परदेशात पॅरोलवर सुटलेल्यांसाठी वेगळे अधिकारी असतात. आपल्याकडे अभिवचन रजेचा (पॅरोल) किंवा संचित रजेचा (फर्लो) अर्ज आला की चौकशी स्थानिक पोलीस ठाण्याची, आणि बंदी गावी आला की हजेरीही तिथेच. त्यामुळे तिथल्या हवालदारालाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी दुखणं ओळखा

चार गोष्टी आपण "टेन्शन" या एकाच पोत्यात भरतो. त्या सुट्या केल्याशिवाय उपाय चुकतो.

पहिली, होरपळ. जास्त केसेस, कमी माणसं, अर्धवट पगारपत्रकं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तिची तीन लक्षणं मांडली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा तुच्छता येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. दुसरा अधिकारी जेव्हा "ही पोरं सुधरायची नाहीत" असं तिसऱ्यांदा म्हणतो, तेव्हा तो मत मांडत नसतो, दमलेला असतो.

दुसरी, दुसऱ्याच्या आघाताची झळ. तुमच्यावर काही गुदरलेलं नाही, पण तुम्ही रोज ऐकता, वाचता, लिहिता. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून हे स्पष्ट आहे की कामाचा भाग म्हणून अत्याचारांचे तपशील पुन्हा पुन्हा समोर येणं हेही आघाताचं कारण असू शकतं. या झळेत स्वप्नं पडतात, आपल्याच मुलीला शेजारी खेळायला पाठवताना हात अडखळतो. इथे आठ दिवसांच्या रजेनं काम भागत नाही, कारण रजेवर डोकंही सोबत येतं.

तिसरी, प्रत्यक्ष धोका. अंगावर धावून येणं, कोयता दाखवणं, "तुमचं घर कुठे ते ठाऊक आहे" असं म्हणणं.

चौथीला नीट नाव नाही. ज्या मुलाला घरी पाठवू नये असं तुमचं मन सांगतं, पण दुसरी जागाच नसते म्हणून "पालकांच्या ताब्यात देण्यास हरकत नाही" असं लिहावं लागतं, तेव्हा जी टोचणी लागते ती. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त माणसं हिनंच आतून पोखरली आहेत, आणि हिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

पहिली पायरी: महिनाभर एक वही

एक साधी शंभर पानी वही. चार रकाने: तारीख, काम, लागलेला वेळ, आणि "अंगावर किती आलं" याला शून्य ते तीन. मुलाचं नाव, गाव, शाळा काहीही लिहायचं नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ ओळख उघड करायला मनाई करतं, आणि वही म्हणजे वही, ती टेबलावर राहणारच. "पोक्सो, जबाब वाचन, दोन तास, ३" एवढं पुरे (पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा). वही साहेबांनीही भरायची, नाहीतर ती कनिष्ठांवरची पाळत होते.

आमच्या वहीनं मला चकवलं. मी धरून चालले होते की गृहभेटी जड असणार. निघालं भलतंच. तीन आकडा सर्वांत जास्त वेळा आला तो जबाब वाचण्यासमोर, निरीक्षणगृहाच्या रात्रपाळीसमोर, आणि मंडळाच्या बाहेरच्या बाकावर बसण्यासमोर. त्या बाकावर पीडितेची आई, आरोपी मुलाची आई आणि परिविक्षा अधिकारी असे तिघेही पेशी पुकारण्याची वाट बघत एका रांगेत बसतात. कधी तीन-तीन तास. त्या बाकाचा उपाय फुकटात झाला. मंडळाच्या लिपिकाला विनंती केली, पुकारायच्या आधी त्याचा मिस्ड कॉल येतो, तोवर आम्ही समोरच्या टपरीवर असतो.

दुसरी पायरी: फिरती

कोकणातली गृहभेट म्हणजे काय हे मंत्रालयात बसून कळत नाही. पत्त्यावर वाडीचं नाव असतं आणि वाडी डोंगराच्या कुशीत. एसटी उतरल्यावर पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढायची, पावसात साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) आहे का ते आधी विचारायचं, आणि रेंज शेवटच्या वळणावरच जाते. त्यात प्रथम हजर केल्यापासून पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा. म्हणून घाई, आणि घाईत एकटं जाणं.

नियम थोडेच ठेवा, पण ते मोडायचे नाहीत.

पहिली भेट शक्यतो दोघांनी. दुसरा अधिकारी नसेल तर अंगणवाडी सेविका किंवा पोलीसपाटील, मात्र प्रकरण त्यांच्याच भावकीतलं नाही ना, ते आधी बघा. छोट्या गावात हे नेहमी चुकतं. निघताना हालचाल नोंदवहीत गाव, वाडी, रेंज जाण्याची जागा आणि परत रेंजमध्ये येण्याची वेळ लिहायची. त्या वेळेनंतर अर्धा तास फोन आला नाही तर कार्यालयानं फोन करायचा. तोही लागला नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचं. हे काम शिपाईमामांकडे द्या. आमच्या मामांनी सात वर्षांत एकदाही विसरलेलं नाही, साहेब लोक मात्र विसरतात.

बसायचं पडवीत, माजघरात नाही. चप्पल पायरीजवळ, तोंड बाहेरच्या दिशेला. दुपारनंतर दारूचा वास आला की "पुन्हा येते" म्हणून उठायचं, भेट अपुरी राहिली तरी चालेल. आणि एक खुणेचं वाक्य ठरवा. आमचं आहे, "टीए बिलाची फाईल कपाटात आहे का बघा." फोनवर हे ऐकलं की कार्यालयातला माणूस प्रश्न विचारत बसत नाही, थेट ठाण्याला फोन लावतो. दोनदा वापरावं लागलंय.

सण सांभाळा. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी येतात, सगळं घर एका जागी भेटतं, म्हणून भेटीचा मोह होतो. पण जमिनीच्या वाटण्यांची भांडणंही त्याच आठ दिवसांत उकरली जातात. माझं मत, त्या दिवसांत चौकशीची भेट टाळावी.

सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी हल्ला झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ आहे. फिर्याद द्यायला कार्यालयप्रमुखानं स्वतः सोबत जायचं. मार खाल्लेल्या माणसाला ठाण्यात एकटं पाठवणं हा दुसरा मार. महिला अधिकाऱ्याला त्रास सहकाऱ्याकडूनच होत असेल तर तो "फिरतीचा ताण" म्हणून गुंडाळू नका, त्याला २०१३ चा वेगळा कायदा आणि तक्रार समिती आहे.

तिसरी पायरी: घटना घडली, आता?

घटना म्हणजे काय ते आधीच कागदावर ठरवा: देखरेखीखालच्या व्यक्तीचा मृत्यू किंवा आत्महत्येचा प्रयत्न, कर्मचाऱ्यावर हल्ला वा धमकी, निरीक्षणगृहात मुलानं स्वतःला इजा करणं, सोडलेल्या मुलानं गंभीर गुन्हा करणं, प्रकरणाची बातमी होऊन अधिकाऱ्यावर बोट ठेवलं जाणं. यातलं काही घडलं की पुढचं आपोआप सुरू व्हायला हवं. "त्यांना गरज वाटली तर" असं ठेवलंत तर कोणालाच गरज वाटणार नाही.

पहिल्या तासात जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेतली तीनच कामं: बघा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे का, घरी कसा जाणार, गाडी चालवण्याच्या स्थितीत आहे का ते बघा. बोलला तर ऐका. घरच्यांशी, मित्राशी, गरज असेल तर डॉक्टरशी जोडून द्या. पाणी द्या, सावलीत बसवा. "तुम्ही असं करायला हवं होतं" हे वाक्य त्या दिवशी बंद.

एक चूक चांगल्या हेतूनं केली जाते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एका खोलीत बसवून एकेकाकडून घडलेला प्रकार तपशीलवार वदवून घेतला जातो. ही एकसत्री पद्धत कधी काळी जगभर चालत होती. तिनं पुढचा आघात टळतो असं अभ्यासांत दिसलं नाही, काही जणांचा त्रास उलट वाढला, आणि जागतिक आरोग्य संघटनाही ती सुचवत नाही. बोलायचं त्याला बोलू द्या. गप्प बसायचं त्याला गप्प बसू द्या, फक्त एकटं सोडू नका.

पहिले तीन दिवस काम काढून घेऊ नका, हलकं करा. पूर्ण रिकाम्या खुर्चीत बसवलं तर माणसाला ती शिक्षा वाटते. टपाल, दाखले, जुन्या फायलींची यादी चालेल. नवीन जबाब नाही, नवी गृहभेट नाही.

आणि ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते हे: मृत बालकाचा समाप्ती अहवाल त्याच्या अधिकाऱ्यानं लिहायचा नाही. माहिती त्यानं द्यायची, लेखणी दुसऱ्याची. स्वतःच्या जुन्या अहवालातली "वर्तनात समाधानकारक सुधारणा" ही ओळ तारखेसकट पुन्हा उतरवताना काय होतं ते मी अनुभवलंय. फाईलमध्ये आमसुलाचा डाग होता.

चौकशी लागली तर तिचं पत्र टेबलावर ठेवून जाऊ नका. बोलावून, वाचून दाखवून, त्यात काय विचारलंय आणि काय विचारलेलं नाही हे सांगून द्या. कारणे दाखवा नोटीस आणि माहिती मागवणारं पत्र यांतला फरक घाबरलेल्या माणसाला कळत नाही.

महिन्यानं पुन्हा विचारा. तारीख कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. बहुतेक जण दोन-चार आठवड्यांत सावरतात. स्वप्नं, दचकणं, त्या वाटेनं जाणं टाळणं, झोप उडणं हे महिना उलटूनही तसंच असेल तर आता डॉक्टर.

चौथी पायरी: आठवड्याची विचारपूस

मासिक आढावा वेगळा, ही वेगळी. आढाव्यात प्रलंबित केसेस मोजतात. विचारपुशीत केसेस मोजायच्या नाहीत. अर्धा तास, दार लोटलेलं, फोन बाहेर. कंत्राटी माणसाला इथे भीती असते की बोललो तर मुदतवाढीच्या वेळी आठवण काढतील. म्हणून यातलं काहीही मूल्यमापनात येणार नाही हे लिहून द्या, तोंडी नाही.

अशी एक विचारपूस:

"या आठवड्यात कुठली केस घरी आली सोबत?"

"तशी काही नाही, मॅडम."

"बाजारात कोणी भेटलं का?"

गप्प. मग, "बुधवारी मासळी घ्यायला गेले होते. त्या पोराचा बाप दिसला. मी न घेताच परत आले. घरी सांगितलं, मासळी महाग होती."

"त्यानं काही म्हटलं?"

"नाही. हसला नुसता."

बाजाराचा प्रश्न आमचा स्वतःचा, कुठल्या पुस्तकातला नाही. मुंबईत अधिकारी संध्याकाळी गर्दीत हरवतो. इथे ज्याच्याविरुद्ध अहवाल लिहिला तो उद्या एसटीत शेजारच्या सीटवर असतो, आणि त्याची मावशी तुमच्या सासूची मैत्रीण असते. मासळी न घेता परतलेल्या त्या सहकारी बाईला आम्ही पुढचे दोन महिने त्या तालुक्याच्या बाजूची कामं दिली नाहीत, आणि ठाण्यात एक साधी नोंद करून ठेवली. घडलं काही नाही. पण तिनं मासळी घ्यायला सुरुवात केली.

वाटपही इथेच करायचं. नुसती संख्या मोजून केसेस वाटू नका. तीन पोक्सोची प्रकरणं आणि तीन किरकोळ मारामाऱ्या यांचं ओझं सारखं नसतं. वहीतले आकडे बघा, एकाच माणसाच्या वाट्याला लागोपाठ तिनाचे आठवडे येऊ देऊ नका. नुकतंच बाळंतपण झालेल्या, किंवा घरात तसाच प्रसंग घडलेल्या माणसाला "ही केस नको" म्हणायची मुभा असावी, कारण न सांगता. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि महाड बुडालं तेव्हा ज्यांच्या घरात गाळ होता त्याच माणसांनी दुसऱ्यांच्या घरचे अहवाल लिहिले. पुन्हा तसं आलं तर न बुडालेल्या तालुक्यातून माणसं मागवायची यादी आजच करून ठेवावी.

पाचवी पायरी: कागद आणि फोन

छोटी गोष्ट आहे, पण फरक लगेच पडतो. जखमांचे फोटो, वैद्यकीय कागद, जबाबाची पानं व्हॉट्सअॅपवर येतात. आधी आपोआप डाउनलोड बंद करा, नाहीतर मुलाला कार्टून दाखवताना गॅलरीत तेच. गोपनीयतेच्या दृष्टीनंही ते फोनवर नकोतच, कार्यालयाच्या ईमेलवर मागवा.

जबाब वाचायचे ते सकाळी, खुर्चीवर बसून, एका बैठकीत तासापेक्षा जास्त नाही. चारनंतर नाही, घरी तर मुळीच नाही. वाचून झाल्यावर लगेच दुसरा जबाब न घेता दहा मिनिटं काहीतरी हातानं करा: फाईल टाचा, शिक्के मारा, बाहेर चक्कर मारा. आणि सहकाऱ्याला तपशील सांगण्याआधी विचारा, "सांगू का?" आपलं हलकं करताना दुसऱ्याच्या पाटीत टाकू नये, जेवणाच्या डब्यावर तर नाहीच.

सहावी पायरी: बाहेरची मदत

१४४१६ हा टेली मानसचा क्रमांक. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. जिल्हा शासकीय रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि इथेच अडचण आहे. आमच्या भागात "रत्नागिरीला न्यायला हवं" हे वाक्य माणूस वेडा झाला या अर्थानं चालतं, त्यामुळे लोक गोळी रत्नागिरीची नको, कोल्हापूरची चालेल म्हणतात. मी म्हणते, कोल्हापूर तर कोल्हापूर, जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नुसार उपचाराची माहिती गोपनीय ठेवावी लागते, डॉक्टरांना ती साहेबांना परस्पर सांगता येत नाही. रजेच्या अर्जावर "वैद्यकीय कारण" एवढंच लिहा.

या दिसल्या की मदतीसाठी वाट बघायची नाही अशा खुणा: मरणाचे विचार, रोज संध्याकाळी दारूशिवाय झोप नाही, निरीक्षणगृहातल्या मुलावर हात उगारला जाणं. शेवटची खूण आली की त्या माणसाला मुलांपासून लगेच बाजूला करायचं आणि मुलाची तक्रार नियमानं पुढे न्यायची. दमलेला माणूस म्हणून ते झाकायचं नाही, आणि तक्रार पुढे नेली म्हणून त्याची मदत तोडायचीही नाही. ही दोन्ही कामं एकाच दिवशी करावी लागतात.

दोनच माणसांचं कार्यालय असेल तर?

अनेक ठिकाणी तेच आहे. मग विचारपूस शेजारच्या जिल्ह्याशी जोडा. रायगडच्या माणसानं रत्नागिरीच्या माणसाला दर पंधरवड्याला फोन करावा. वरिष्ठ नको, म्हणजे जो तुमचा गोपनीय अहवाल लिहितो तो नको. आम्ही शुक्रवार चार ते साडेचार ठेवलाय. पहिले दोन महिने आम्ही दोघी फक्त बिलं अडकल्याबद्दल बोलत होतो. तिसऱ्या महिन्यात तिनं विचारलं, "तुला रॅम्पचा आवाज अजून येतो का?"

बदली झाली की चार्ज यादीत एक पान वाढवा. जड केसेसच्या फक्त क्रमांकांची यादी, प्रत्येकीसमोर नव्या माणसाला काय सांभाळायला हवं ते एका ओळीत: वडील दुपारी पितात, काका बोलके आहेत, आई फक्त बाईशी बोलते, पाखाडीवरचा कुत्रा चावतो.